डेबोराची ऱ्हस्व-दीर्घं

आज १९ डिसेंबर, गोवा मुक्तिदिन. सकाळी शाळेच्या पटांगणावर झेंडावंदनाला जाऊन आले. निवृत्त झाल्यापासून पहिल्या रांगेत खुर्ची मिळते, एवढाच काय तो मान. या दिवशी सुट्टी कशाची, हे आमच्या गोव्यात पोरासोरांनाही सांगावं लागत नाही. मला मात्र दोन-तीन वर्षं झाली, या तारखेला आणखी एका बाईची आठवण येते. १७७४ साली याच दिवशी फिलाडेल्फियात डेबोरा फ्रँकलिन गेली. नवरा लंडनला होता. दोघांनी एकमेकांना पाहून दहा वर्षं उलटली होती.

नवरा म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. शंभर डॉलरच्या नोटेवरचा, विजेच्या पतंगाचा. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्याची सही आहे तो.

मी डेबोरावर कादंबरी लिहितेय हे ओळखीच्यांना ठाऊक आहे, आणि 'टीचर, आपल्याकडच्या बायका संपल्या काय?' हा प्रश्नही मला आता पाठ झालाय. खरं सांगायचं तर मी तिला शोधायला गेलेच नव्हते. पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मी छापखान्यांबद्दल वाचत होते. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात आला, तिथून सुरुवात केली आणि वाट चुकत चुकत फ्रँकलिनच्या आत्मचरित्रापाशी पोचले. तोही मूळचा छापखान्यातला. माझे वडीलही. पण वडिलांचं पुढे सांगते.

त्या पुस्तकात डेबोरा पहिल्यांदा दिसते ती दारात उभी. साल १७२३, ऑक्टोबर महिना. सतरा वर्षांचा बेन बॉस्टनहून पळून फिलाडेल्फियात उतरलाय. भूक लागली म्हणून तीन मोठे फुगीर पाव घेतो, खिशात जागा नाही म्हणून दोन काखोटीला मारतो आणि तिसरा खात खात मार्केट स्ट्रीटवरून चालू लागतो. रीड यांच्या दारात त्यांची मुलगी उभी असते. तिला हे ध्यान पाहून गंमत वाटते. हे त्यानेच लिहून ठेवलंय, बायको आपल्याला हसली होती हे. माझ्या कादंबरीचं पहिलं प्रकरण तिच्या डोळ्यांतून आहे. त्या पावांना मी बेधडक 'उंडे' म्हटलंय. पुण्याच्या एका मैत्रिणीने वाचून विचारलं, उंडे म्हणजे काय? म्हटलं, ये इकडे, पोदेराकडून, म्हणजे आमच्या पाववाल्याकडून, आणून खायला घालते.

पुढची काही वर्षं मी कादंबरीत भराभर उरकली आहेत. मुलगा तिच्याच घरी भाड्याने राहतो, लग्नाचं बोलणं होतं, तो १७२४ साली लंडनला जातो आणि तिथून एकच पत्र पाठवतो, की इतक्यात परतणं नाही. ती रॉजर्स नावाच्या कुंभाराशी लग्न करते. त्याची म्हणे विलायतेत आधीची बायको होती. तो कर्ज करून वेस्ट इंडीजला पळाला, मेला अशी बातमी आली, पण खात्री कुणालाच नाही. आता ही बाई विधवा की सधवा? फ्रँकलिन परत आला, तिच्याशी संसार मांडायला तयारही झाला, पण रॉजर्स जिवंत निघाला तर कायदा म्हणत होता ३९ फटके आणि जन्मठेप. म्हणून १ सप्टेंबर १७३० ला त्यांनी विधी वगैरे काही न करता नुसता एकत्र संसार सुरू केला. पाठोपाठ घरात एक तान्हं मूल आलं, विल्यम. फ्रँकलिनचंच, पण आई कोण हे आजवर कुणाला कळलेलं नाही. वाढवलं डेबोराने.

दुकानाच्या प्रकरणात मात्र मी रमले. ती छापलेल्या चोपड्या दुमडायची, शिवायची. कागद गिरण्यांसाठी जुन्या चिंध्या विकत घ्यायची. गल्ल्यावर बसायची. दुकानात शाई, पुस्तकं, साबण, आणि शिवाय तिच्या आईचं खरजेवरचं मलम. एका सकाळी नवऱ्याला न्याहारीचं दूध-पाव नेहमीच्या दोन पेन्यांच्या मातीच्या वाडग्याऐवजी चिनी मातीच्या वाडग्यात आणि चांदीच्या चमच्याने मिळालं. किंमत तेवीस शिलिंग. कारण विचारलं तर उत्तर असं, की शेजाऱ्यांच्या नवऱ्यांना चांदीचा चमचा, मग माझ्या नवऱ्याने काय पाप केलंय? आमच्या माशेल गावच्या बाजारात हे वाक्य मी निदान पन्नास वेळा ऐकलं असेल.

आणि मग फ्रँकी. १७३२ चा जन्म, १७३६ च्या नोव्हेंबरात देवी येऊन गेला. चार वर्षांचा होता. टोचून घेतलं नव्हतं. बापाला त्याची टोचणी जन्मभर राहिली, तसं त्याने लिहिलंय. आईला काय झालं ते कुठेच नाही. हे प्रकरण मी तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं, आणि आता त्याचं अर्धं पान उरलंय. माझ्या आजीच्या गालांवर देवीचे व्रण होते. तिची एक बहीण त्यातच गेली होती, आणि आजीने तिचं नाव कधी घेतलेलं मला आठवत नाही. म्हणून अर्धं पान.

आता वडिलांचं.

बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे, पुढे तिथेच प्रुफं तपासू लागले. आई माशेलला, सासूबरोबर, कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, सांभाळत. बाबा चवथीला यायचे, कधी शिगम्याला, आणि उरलेलं वर्ष पत्रं. आमच्या घरी बोलायचं कोंकणीत आणि लिहायचं मराठीत. आई मराठी चौथी, तीही पोर्तुगीज अमलात, कुणाच्या तरी पडवीत भरणाऱ्या शाळेत शिकलेली. तिच्या पत्रात वेलांटी कुठली पडेल याचा नेम नसायचा. 'तूमची तबेत बरी असेल. सूपारी वाळत घातली आणी पावस आला. पाडेली येऊन गेला पण चारच माड चढला.' सुरुवातीला 'ति. स्व. यांसी' आणि पुढे मोकळी जागा. नवऱ्याचं नाव ती कागदावरही घ्यायची नाही.

बाबा उत्तर द्यायचे, आणि सोबत आईचं पत्र परत पाठवायचे. लाल शाईने तपासून. समासात प्रुफाच्या खुणा करून. 'तूमची' मधला दीर्घ ऊ कापून ऱ्हस्व, 'पावस'च्या डोक्यावर 'पाऊस'. त्यात दुष्टपणा नव्हता हे मी छातीवर हात ठेवून सांगते. चूक दिसली की हात आपोआप चालायचा, एवढंच. आईने ती पत्रं पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली. तिच्या चुका काही सुधारल्या नाहीत. उलट मला कधी कधी वाटतं की 'आणी' ती मुद्दाम दीर्घ काढायची.

आणि मी कोण झाले? मराठीची शिक्षिका. एकतीस वर्षं लाल पेन.

डेबोराची पत्रं आज घरबसल्या वाचता येतात, अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने मोठ्या मोठ्या लोकांचे कागद इंटरनेटवर खुले केलेत, त्यात तिचीही आहेत. पहिलं पत्र उघडलं आणि मी चक्क मोठ्याने वाचू लागले, कारण डोळ्यांनी ते कळेचना. कानाने कळलं. ती ऐकू येईल तसं लिहिते. 'केलं' या अर्थाचा इंग्रजी शब्द ती 'मोलकरीण' या अर्थाच्या शब्दासारखा लिहिते, कानाला दोन्ही सारखेच. पूर्णविराम कुठे द्यायचा याची तिला फारशी फिकीर नाही. वाक्य सुरू होतं ते दुसऱ्याच्या आजारपणातून तिसरीच्या लग्नात जाऊन थांबतं. मी थेट आमच्या ट्रंकेपाशी गेले.

इथून माझी खरी अडचण सुरू झाली. ही बाई मराठीत बोलणार कशी?

पहिला अडथळा मायन्यातच. नवरा-बायको दोघंही एकमेकांना एकच मायना लिहितात, 'माझ्या प्रिय बाळा' अशा अर्थाचा. तो तिला तसाच, ती त्याला तशीच. मराठीत पन्नाशीची बाई साठीच्या नवऱ्याला 'प्रिय बाळास' लिहू लागली तर वाचणारा पुस्तक मिटेल. 'अहो' लिहावं तर दोघांची बरोबरी जाते. 'ति. स्व.' तर नकोच. महिनाभर अडले होते. एक दिवस शेजारची आपल्या दोन वर्षांच्या मुलाला हाका मारत होती, 'बाबा, यो रे बाबा.' आमच्याकडे बापालाही बाबा म्हणतात आणि लेकरालाही. पोरगी असली तर बाय, आणि बाय तर मोठ्या बाईलाही म्हणतात. सुटलं! ती त्याला लिहील 'माझ्या बाबा', तो तिला 'माझ्या बाय'. आणि दोघं एकमेकांना 'तू'.

दुसरी गोष्ट समुद्राची. डेबोरावर जिथे जिथे चार ओळी आहेत तिथे एक ओळ ठरलेली असते: तिला समुद्राची भीती होती म्हणून ती नवऱ्याबरोबर लंडनला गेली नाही. १७५७ मध्ये तो गेला, पाच वर्षं राहिला. १७६४ च्या नोव्हेंबरात पुन्हा गेला. लंडनचा एक छापखानेवाला मित्र, स्ट्रॅहन, त्याने तिला खास पत्र लिहून गळ घातली, की या, असा नवरा एकटा सोडू नये. ही गेली नाही. पहिल्या खर्ड्यात मी ही भीती रंगवून रंगवून लिहिली. लाटा, स्वप्नं, बुडालेली जहाजं. वाचताना माझ्याच लक्षात आलं की मी विरहिणी लिहितेय. खिडकीत बसलेली. तिला काही कामच नाही.

आई कधी बोटीत बसली नाही. पणजीच्या धक्क्यावरून मुंबईची बोट सुटायची, अख्खा गाव त्या बोटीने जायचा. आईचं एकच, 'म्हाका दर्याचो भंय.' पुढे बसगाड्या सुरू झाल्या. तेव्हा म्हणे बस लागते. मग १९७१ साली बाबांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि आई मुंबईला गेली, बसने, मला घेऊन. अख्ख्या वाटेत तिला काही लागलं नाही. घाटात मी ओकत होते आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत बाहेरची आंब्याची झाडं मोजत होती. गिरगावच्या खोलीत तिसऱ्या मजल्यावर नऊ दिवस राहिली. नळाला पहाटे चारला पाणी. दहाव्या दिवशी बाबा हिंडू-फिरू लागले तशी पिशवी भरली. बाबा म्हणाले, राहा की आठ दिवस. आई म्हणाली, 'हांगा म्हजें कितें आसा?'

म्हणजे, इथे माझं काय आहे?

माशेलला तिचं काय होतं? सुपारी होती, मिऱ्याचे वेल होते, पाटाचं पाणी कुणाच्या बागेत किती वेळ सोडायचं यावरून दीराशी चाललेलं भांडण होतं, गाय होती. दर्याचं भय खोटं नव्हतं. पण ते सोयीचंही होतं.

मी परत डेबोराच्या कागदांकडे वळले आणि तिच्याकडे काय होतं ते पाहिलं. जाण्याआधी फ्रँकलिनने तिला कुलमुखत्यारपत्र करून दिलं होतं. दुकान, टपालाचा हिशेब, घरभाडी, येणी-देणी, सगळं तिच्या सहीवर. म्हातारी आई होती. १७६३ मध्ये मार्केट स्ट्रीटच्या आत त्यांनी नवं घर बांधायला काढलं, विटांचं, तीन मजली. वर्षभरात नवरा गेला बोटीत बसून. घर बांधून घेतलं हिने. गवंडी, सुतार, रंगारी, सगळे हिच्या डोक्याला. आणि लंडनहून पत्रं काय येतात? प्रत्येक खोलीत काय ठेवलंस ते कळव. स्वयंपाकघराचं काम पुरं होताना मी तिथे असायला हवा होतो, ते म्हणजे एक यंत्रच आहे, तुला नवीन, तुला ते चालवता येईलसं वाटत नाही. हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

तसा माणूस रसिक. १७५८ साली त्याने तिला बिअरचा एक मोठा जग पाठवला आणि लिहिलं, की पाहताक्षणी मी याच्या प्रेमात पडलो, निळ्या-पांढऱ्या कॅलिकोचा झगा घातलेल्या एखाद्या गुबगुबीत, हसतमुख, नीटनेटक्या बाईसारखा दिसतो, मला कुणाचीतरी आठवण झाली. 'कुणाचीतरी'. नाव घेतलं नाही. आमच्या आईसारखंच. त्याच वर्षीची दुसरी गंमत घंटांची. विजेच्या प्रयोगासाठी त्याने घरात घंटा टांगून ठेवल्या होत्या, आभाळात वीज भरली की त्या आपोआप वाजायच्या. हा लंडनला आणि घंटा हिच्या डोक्यावर. तिने घाबरून लिहिलं. त्याचं उत्तर, दोन घंटांना एक तार जोडून टाक, मग वाजणार नाहीत. बाबांनी आम्हाला पहिला प्रेशर कुकर पाठवला तेव्हा सोबत दीड पानी सूचना होत्या. आजी शिट्टी ऐकून देवघरात जाऊन बसली. कुकर पुढची चार वर्षं तांदूळ ठेवायला वापरला.

डेबोरा त्याला काय काय पाठवायची? सफरचंदं, मक्याचं पीठ, सुकवलेले पीच. एकदा खारी पाठवल्या, जिवंत. आई पाठवायची सोलं, पोहे, फणसाची साटं, खोबरेल. बाटलीचं बूच मेणाने बंद करून.

आता १७६५. ब्रिटिश पार्लमेंटने स्टॅम्प कायदा केला, म्हणजे वसाहतींमधल्या वर्तमानपत्रांपासून दस्तऐवजांपर्यंत प्रत्येक छापील कागदावर कर. फ्रँकलिनने त्याला विरोध केला होता, पण कायदा झाल्यावर, झालाच आहे तर आपला माणूस तरी नेमू, म्हणून जॉन ह्यूज या मित्राचं नाव सुचवलं. फिलाडेल्फियात बोभाटा झाला की फ्रँकलिननेच हा कर आणला. लोक घरं फोडायला निघाले. फ्रँकलिन तीन हजार मैलांवर. घरात डेबोरा, सत्तावन्नच्या आसपास वयाची, आणि मुलगी सॅली. या रात्रीबद्दल तिचं स्वतःचं पत्र आहे. माझ्या कादंबरीत ते असं आलंय. (यातल्या ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नये.)

"माझ्या बाबा,

आज रवीवार. नऊ दीवस झाले जो येतो तो म्हणतो घर सोडा घर सोडा. सॅलीला मी बर्लिंग्टनला विल्यमकडे पाठवली, ति जायला तयार नव्हती, मी म्हटलं तू तरूण पोर मी तूला संभाळु का घर संभाळु. सोमवारी काळोख पडता पडता डॅव्हनपोर्ट आला. म्हणाला मामी मि तूमच्या सोबतिला थांबतो. मी म्हटलं थांब पण नूसता थांबू नको, माझ्या भावाला नीरोप दे आणी येताना बंदुक आणायला सांग येकदोन, आपल्या घरात येकही नाहि. मग वरच्या येका खोलित आम्हि सगळं आणून ठेवलं. जिन्यात मी मोठं टेबल आडवं लावलं. तूझा तो जग आधी कपाटात नेऊन ठेवला फूटला तर तूला काय सांगु.

ते म्हणतात तू पण जा. मी म्हटलं मी कूणाचं वाईट केलं नाही. तू पण नाही केलंस. मग मि का जाऊ. माझ्या घरातून मला कोण काढतो ते बघुया. हे मी मोठ्याने बोलले ते मला मागाहुन कळलं.

रात्रभर भिंतिंना नव्या रंगाचा वास येत होता. खूप उशीरा कूत्री भूंकायची थांबली. कोणी आलं नाही.

तू खिडक्यांचं माप मागितलं होतंस ते पूढच्या पत्रात देईन. आता हात कापतो. भीतिने नाही. बंदूक जड होती."

नऊ दिवस, सॅलीला पाठवणं, डॅव्हनपोर्ट, भाऊ, बंदुका, वरच्या मजल्यावरची तयारी, 'मी कुणाचं वाईट केलं नाही', हे सगळं तिच्या पत्रातलं आहे. टेबल, जग, रंगाचा वास माझा. फ्रँकलिनने उत्तरात तिच्या हिमतीची वाखाणणी केली: जी बाई घराचं रक्षण करायला ठाम उभी राहते तिला चांगलं घर मिळायलाच हवं. छान वाक्य आहे. फक्त ते घर त्याने अजून पाहिलंही नव्हतं. कायदा १७६६ मध्ये रद्द झाल्यावर त्याने तिला झग्यासाठी १४ वार साटिन पाठवलं. आधी पाठवलं नाही कारण, म्हणे, शेजारणींहून भारी कपडे घालणं तुला आवडलं नसतं, स्वतः कातलेल्या सुताचे असले तर गोष्ट वेगळी. विलायती मालावर बहिष्कार होता त्या काळात. चरख्याचं राजकारण आपल्याला नवीन नाही.

एका गोष्टीला मी बराच काळ बगल देत होते. त्या घरात गुलाम होते. फ्रँकलिन १७५७ साली लंडनला गेला तेव्हा पीटर आणि किंग असे दोघे बरोबर नेले होते, त्यांतला किंग तिकडे पळून गेला. मी टाळ्या वाजवल्या. डेबोराने घरातल्या ऑथेलो नावाच्या मुलाला काळ्या मुलांच्या शाळेत घातलं, हे खरं, पण तो मुलगा तिच्या मालकीचा होता हेही खरंच. 'सगळं घर एकटीने सांभाळलं' असं वाक्य माझ्या खर्ड्यात चार ठिकाणी होतं, ते चारही ठिकाणी खोडलं. मग आईची पत्रं पुन्हा काढली. 'आज कामाची माणसं आली नाहीत.' 'माणसांना पेज घातली.' दोनशेवर पत्रं आहेत. गायीचं नाव प्रत्येक पत्रात आहे, त्या माणसांतलं एकही नाही.

१७६८ साली फ्रँकलिनने लंडनमध्ये बसून इंग्रजीसाठी नवी लिपी काढली. जुन्यातली सहा अक्षरं रद्द, सहा नवी, आणि नियम एकच, जसं ऐकू येतं तसं लिहायचं. अहो, तुमच्या टेबलावर पेटीभर पत्रं पडली आहेत ना तशी! ही नवी लिपी वापरून त्याने पत्रव्यवहार केला तो घरमालकिणीची मुलगी पॉली स्टीव्हन्सन हिच्याशी. पॉली हुशार होती, तिने त्या लिपीतल्या अडचणीही दाखवून दिल्या. मला तिच्याबद्दल काही म्हणायचं नाही. पुढे १७८६ साली, स्वतः ऐंशीचा झाल्यावर, तो बहिणीला लिहितो, की अशुद्ध लिहितेस म्हणून संकोच करू नकोस, अशुद्ध म्हणतात तेच बहुधा सर्वांत बरोबर असतं, ते आवाजाला धरून असतं. आणि तिला एक गोष्ट सांगतो. एका चिठ्ठीत कुणीतरी 'वाइफ' हा शब्द फक्त 'वाय' आणि 'एफ' या दोन अक्षरांत लिहिलेला असतो, घरातल्या शिकल्यासवरलेल्यांना तो वाचता येत नाही, आणि शेवटी मोलकरीण वाचून दाखवते. कुठला शब्द निवडला बघा गोष्टीसाठी. डेबोराला जाऊन तेव्हा बारा वर्षं होत आली होती.

तिचा शेवट मी फार लिहिलेला नाही. १७६९ च्या सुमारास तिला झटका आला, नंतर पत्रं कमी होत गेली. ज्याला तिने वाढवलं तो विल्यम, तेव्हा न्यू जर्सीचा गव्हर्नर, तिच्या अंत्यविधीला आला. त्याने बापाला कळवलं, की ती मला म्हणाली होती, या हिवाळ्यात ते आले नाहीत तर पुन्हा भेट व्हायची नाही. फ्रँकलिन परतला पुढच्या मे महिन्यात. ते घर १८१२ मध्ये पाडलं. आता त्या जागी पोलादी चौकट उभी आहे, भिंती नाहीत, छप्पर नाही, नुसती घराची बाह्यरेषा. भाच्याने तिकडून फोटो पाठवला. खालच्या फरशीत पत्रांतली वाक्यं कोरली आहेत म्हणे.

गेल्या आठवड्यात सगळा मजकूर पेन ड्राइव्हवर घालून टाइपसेटिंगला दिला. परवा त्या मुलाचा फोन आला. 'टीचर, जालें. आणि ती पत्रं आहेत ना मध्ये, त्यांत मिस्टेक खूप होत्या. मी सगळ्या काढल्या. एक्स्ट्रा काही घेणार नाही.'

काल सकाळी गेले. मूळ प्रत घेऊन त्याच्या शेजारी स्टुलावर बसले आणि एक एक चूक परत घालायला लावली. पहिलं पत्र होईपर्यंत तो गप्प. दुसऱ्याला गालात हसू लागला. अडीच तास लागले. बंदुकीच्या पत्राच्या शेवटच्या ओळीला त्याचा हात थांबला.

'टीचर, हांगा "बंदूक" सारकें बरयलां न्हय?'

पाहिलं तर खरंच. वर डेबोराने तो शब्द ऱ्हस्व लिहिलाय, आणि इथे 'दू' दीर्घ, शुद्ध. माझ्या मूळ प्रतीतच तसा होता.

'ऱ्हस्व कर,' मी म्हटलं. पण वर जे चिकटवलंय ते माझ्या फाईलमधलं आहे, त्यात अजून दीर्घच असेल.